मांडव्याजवळचा नवा नाइटक्लब आणि मनगटावरचा पट्टा

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरून अलिबागच्या रस्त्याला लागले, की नारळी-पोफळीच्या वाडीआड हा नवा नाइटक्लब दिसतो. ध्वनियंत्रणा उत्तम, कर्मचारी अदबशीर आणि तळलेली सुरमई ताजी. या बाबतींत तक्रारीला जागा नाही. लिहायला हवे ते मनगटावरच्या पट्ट्याविषयी.

दारातच आगाऊ पैसे घेऊन तो बांधतात आणि मग रात्रभर पाकिटाला हात लावावा लागत नाही. शिल्लक किती, हे मात्र त्यावर दिसत नाही. त्यासाठी गर्दीतून वाट काढत काउंटर गाठावे लागते. मधूनच पट्टा थरथरतो, निळा उजळतो आणि एखादे पेय फुकट मिळते; कधी लागोपाठ, तर कधी तासभर काहीच नाही. (फुकटात सोलकढी मिळाल्याचे मात्र ऐकिवात नाही.) बक्षिसाचा नेम लागू न देण्याची ही करामत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांतून परिचित झालेली आहे आणि जुगाराची यंत्रे तिच्यावरच चालतात. शेजारच्या टेबलावरचा तरुण मित्रांशी बोलता बोलता सारखा मनगट उलटून पाहत होता. पुढ्यातली कोळंबी निवून गेली होती. ‘दादा, बिघडलाय का हा?’ असे त्याने विचारताच वेटर म्हणाला, ‘वाजेल साहेब, बसा जरा.’ हे उत्तर त्याच्या तोंडी चांगलेच रुळलेले दिसले.

संगीताची आखणीही याच धोरणाची आहे. ठेका चढत चढत ऐन भरात अडवून धरतात आणि सारी गर्दी हात वर करून ताटकळते. मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षित बक्षिसापेक्षा त्याच्या चाहुलीनेच चेततात, हे मेंदूसंशोधक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले होते. इथल्या डीजेला ते प्रयोगांवाचूनच उमगले असावे. शिवाय संगीत ७२ ऐवजी ८८ डेसिबलवर वाजवले, तर गिऱ्हाईक बिअर जास्त आणि भराभर पिते, असे संशोधक निकोला गेगाँ यांच्या फ्रान्समधील २००८ च्या अभ्यासात आढळले. इथे पेले रिकामे होऊ लागले की आवाज चढतो, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

नाचायचे असेल तर जरूर जावे, कारण एवढी चांगली नाचाची जागा या भागात मला दुसरी आढळली नाही. मात्र निघताना उरलेली रक्कम रोख मागावी. न मागितल्यास ती पुढच्या खेपेसाठी जमा ठेवतात, मागितल्यास विनातक्रार परत देतात.