संकेश्वर-हुक्केरी रोडवरचं घायपात-कोरफडीचं दुकान: काय घ्यायचं, काय तिथंच ठेवायचं

संकेश्वरहून हुक्केरीकडं जाताना गावाबाहेर एक पत्र्याचं शेड लागतं, दारात घायपाताच्या पातींचा ढीग आणि तारेवर वाळत घातलेला पांढरा धागा दिसला की समजायचं हेच ते. बायकांचा गट चालवतो. बाटल्यांवर कसलं ब्रँडचं नाव नाही, नुसत्या कन्नड-मराठी दोन्हीत छापलेल्या चिठ्ठ्या. सगळा कारभार तीन झाडांवर, घायपात, कोरफड आणि ड्रॅगन फ्रूट, आणि त्यातही चांगला भाग आधीच दुसरीकडं विकला जातो, इथं येतो तो राहिलेला, म्हणजे चोथा, साल आणि पाणी. मी ह्यांचा माल बरेच दिवस वापरतेय, आईला आणि काकूला पण दिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण ह्यातल्या काही वस्तू खरंच फार चांगल्या आहेत आणि एक वस्तू अशी आहे की ती तिथं विकायलाच नको.

पहिलं म्हणजे घासणी घ्या, डोळे झाकून घ्या. घायपाताचा लांब धागा दोर आणि पिशव्या करणाऱ्यांना जातो, मागं राहतो तो आखूड गुंतलेला धागा, त्याची ह्या बायका घट्ट गुंडी वळून वर त्याच धाग्याची जाळी विणतात. ४० रुपयाला एक. हातात घेतली तर आधी वाटतं फार खरबरीत आहे, खरं पाण्यात भिजली की बरोबर मऊ येते, लोखंडी तव्यावर आणि पितळेच्या पातेल्यावर मस्त चालते. नॉनस्टिकवर वापरू नका, चरे पडतील. आणि वापरून झाली की सिंकमध्ये टाकून ठेवायची नाही, पिळून खिडकीत अडकवायची, ओली राहिली की काळी पडते आणि वास मारते. नीट वाळवली तर प्लॅस्टिकच्या घासणीपेक्षा जास्त टिकते हा माझा अनुभव, आणि शेवटी झिजली की कुंडीत पुरली तर मातीच होते, प्लॅस्टिकच्या घासणीसारखे बारीक तुकडे गटारात जात नाहीत.

ह्या घायपाताबद्दल थोडं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडं प्रत्येक माळावर, बांधावर हे उभं आहे आणि कुणी ढुंकून बघत नाही. मूळचं मेक्सिकोकडचं, पाणी नको, खत नको, बरीच वर्षं नुसतं पानं वाढवत बसतं, मग एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मरतं. पूर्वी बेंदराच्या आधी कासरे, दावी, म्होरक्या ह्याच धाग्याच्या वळून यायच्या, आता नायलॉननं ते सगळं खाल्लं. त्या काळी पाती ओढ्यात, डबक्यात कुजत घालायचे आणि ते पाणी असं नासायचं की त्यातले मासे मरून वर यायचे, कारण पातीत सॅपोनिन असतं, साबणासारखा फेस आणणारं द्रव्य, ते माशांना विषारी. आणि पातीत धागा निघतो किती, तर ओल्या वजनाच्या जेमतेम चार टक्क्यांपर्यंत. म्हणजे १०० किलो पाती सोलल्या तर फार तर ४ किलो धागा, बाकीचा ९६ किलो हिरवा लगदा आणि पाणी. आपल्या भागात उसाचं काय वाया जातं सांगा, चोथ्यावर बॉयलर चालतो, वीज होते, मळीपासून स्पिरिट होतं, रस गाळून राहिलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, शेतात जातो. कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या माणसांनी घायपाताचा ९६ टक्के माल ओढ्यात सोडला ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. टांझानियात हाले नावाच्या ठिकाणी ह्याच लगद्यावर बायोगॅस करून वीज काढायचा प्लांट उभारला गेला, तर आपल्याला काय अवघड आहे.

ह्या गटानं तेवढं मोठं काही केलेलं नाही, खरं लगदा फेकत नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. मागच्या अंगणात पाती खरवडायचं काम चालतं, लाकडी फळीवर पात ठेवून बोथट पट्टीनं वरनं खाली ओढायचं, एका ओढीत हिरवी साल निघते आणि फळीवरनं दाट फेस खाली बादलीत पडतो, दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला आत लपलेला पांढरा धागा दिसायला लागतो. मी वाकून बघायला गेले तर तिथल्या अक्कानं हात धरून मागं ओढलं, म्हणाल्या, "हात लावूलालाय काय ताई, खाज सुटतंय बघा, रात्रभर झोप येणार नाही." त्यांच्या स्वतःच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. बरोबरच आहे, त्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. मेक्सिकोत टकीला ह्या दारूसाठी घायपाताचंच भावंड असलेलं झाड तोडणाऱ्या मजुरांना पण हाच त्रास होतो.

त्या फेसाचं पाणी गाळून, उकळून ह्यांनी फरशी पुसायचं आणि बाथरूमचं लिक्विड केलंय. चिकट तेलकट ओट्यावर एकदम छान काम करतं, फेस कमी येतो म्हणून लोकांना वाटतं की साफ होत नाही, खरं होतं. वास कच्च्या पाल्यासारखा आहे, मला चालतो, आमच्या काकूला नाही चालला. दोन गोष्टी मात्र चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पाहिजेत ज्या आत्ता अगदी बारीक छापल्यात: मोजे घालूनच वापरायचं, आणि घरात माशांची काचेची टाकी असेल तर तिच्या जवळपास हे लिक्विड न्यायचं नाही. अंगाला, केसाला लावायला तर अजिबात नाही. मी अक्कांना हे सांगितलं, त्यांनी पुढच्या छपाईत करतो म्हणून मान्य केलं.

लगद्याचं खत पण मिळतं, शेण मिसळून कुजवलेलं. कच्चा लगदा आंबट असतो, तसाच टाकला तर झाडाला झोंबतो, म्हणून पूर्ण कुजलेलं आहे की नाही हे हातात घेऊन बघा, काळं, भुसभुशीत आणि वास मातीचा आला पाहिजे. मला एकदा अर्धवट कुजलेली बॅग मिळाली, हिरवट गठ्ठे होते आत, परत नेली तर एक शब्द न बोलता बदलून दिली. गुलाबाला आणि कढीपत्त्याला चांगलं लागू पडलंय.

आता कोरफड. कोरफडीच्या पानात तीन थर असतात हे आधी समजून घ्या म्हणजे पुढचं कळेल. बाहेरची हिरवी जाड साल, सालीच्या लगत पिवळा कडू चीक, आणि आत काचेसारखा गर, ज्यात ९८-९९ टक्के नुसतं पाणी. गर सगळा जेलवाले घेऊन जातात. राहिला चीक आणि साल. चीक काही नवीन नाही, आटवून वाळवला की तोच काळाबोळ, आपल्या आज्या मुका मार लागला की उगाळून गरम करून लावायच्या आणि बाळाचं अंगावरचं दूध सोडवायला पण त्याच कडूपणाचा उपयोग करायच्या. ह्यांच्याकडं काळाबोळाचे खडे मिळतात, स्वच्छ, कडेला काचेसारखे फुटणारे, काष्ठौषधीच्या दुकानातल्या मातकट मालापेक्षा खूप चांगले. वाळवलेल्या सालीची भुकटी बेसन आणि मुलतानी मातीत मिसळून उटणं केलंय, तेही ठीक, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, कोरफडीची खाज सुटणारी माणसं असतात.

खरं त्याच फडताळात एक "पोट साफ" म्हणून पावडरची डबी ठेवलेली आहे, अख्ख्या सालीची चिकासकट वाळवून केलेली, आणि माझा सगळा आक्षेप ह्या डबीवर आहे. त्या पिवळ्या चिकात अ‍ॅलोइन असतं, ते जोराचं रेचक आहे, पोटात मुरडा येतो, रोज घेतलं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं, गरोदर बाईनं तर घेऊच नये. अमेरिकेत औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं २००२ मध्येच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पोट साफ करायच्या औषधांतनं कोरफड काढायला लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सबंध पानाचा अर्क २बी गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या गोष्टींत. तो निकाल मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरनं आहे आणि स्वच्छ केलेल्या गराबद्दल नाही, तरी पोटात घ्यायच्या मालात अ‍ॅलोइन १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या, खाली ठेवायचं असा कोरफडीच्या धंद्यातलाच नियम आहे, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते मोजणार कोण? नैसर्गिक आहे म्हणून काही होत नाही असं काउंटरवरच्या मुलीनं एका म्हाताऱ्या मामांना सांगितलं ते मला मुळीच आवडलं नाही, मी तिथंच बोलले. मामांनी डबी परत ठेवली. गटानं ही वस्तू बंद करावी, तोच चीक काळाबोळ म्हणून बाहेरनं लावायला विका की, चांगला पैसा येतोय त्यात.

ड्रॅगन फ्रूट अथणी, चिकोडीकडच्या कमी पाण्याच्या रानात आता बरंच दिसतं. ते निवडुंगाच्याच कुळातलं. फळाच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा साल जाते आणि सालीत जो गुलाबी रंग आहे तो बीटाच्या रंगाच्या कुळातला, शिवाय पेक्टिन भरपूर. ह्यांनी तीन वस्तू केल्यात. सालीची पावडर, ती उत्तम. ताकात, कोशिंबिरीत, लिंबू सरबतात चिमूटभर टाकली तरी काय रंग येतो, आणि आंबटात तो रंग टिकतो. सालीचा जॅम, बरा आहे, पेक्टिनमुळं वेगळं काही न घालता छान घट्ट झालाय, साखर जास्त. आणि गुलाबी पापड, ते नका घेऊ. सुंदर दिसतात म्हणून मी पाहुण्यांसाठी आणले, तेलात टाकल्या टाकल्या तपकिरी पिवळट झाले. ह्या रंगाला उष्णता सोसत नाही आणि खार तर त्याहून नाही, पापडखार पडला की गुलाबीचा पिवळा व्हायला सुरुवात होतेच. चव साध्या पापडाचीच, मग रंगासाठी जास्त पैसे का द्यायचे. रंगपंचमीला हाच रंग मक्याच्या पिठात घालून विकतात, मुलांना खेळायला तो छान, कपड्यावरनं साबणानं लगेच निघतो, फक्त जुना स्टॉक असेल तर उजेडानं फिका पडलेला असतो, पिशवी उघडून बघून घ्या.

बोलणं-चालणं एकदम घरच्यासारखं, कन्नड येत नसलं तरी अडत नाही, निम्म्या बायका मराठीच बोलतात. फोनपे चालतं, सुट्ट्यावरनं कटकट नाही. पॅकिंग कच्चं आहे, लिक्विडची बाटली गाडीत आडवी पडली तर झाकणातनं गळते, उभी ठेवून आणा. लांबनं येणार असाल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी या, एकदा हिरण्यकेशी भरून वाहायला लागली की धागा वाळत नाही आणि घासण्या दोन-दोन महिने मिळत नाहीत. मोठ्या घासण्या आतल्या खोलीत असतात, काउंटरवर लावत नाहीत, मागून घ्या, कढईला त्याच बऱ्या पडतात.