ससा वाळत चाललाय: आधी दात बघायचे की किडनी?

सशाचं वजन उतरतंय हे डोळ्यांना फार उशिरा कळतं, कारण दाट केसांखाली सगळं झाकलं जातं. आठवड्यातून एकदा काट्यावर ठेवलं तरच ते वेळेत लक्षात येतं. दोन किलोच्या सशाचे २०० ग्रॅम गेले म्हणजे दहा टक्के वजन गेलं, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. कारणं बरीच असू शकतात, पण ससा वयस्क असेल तर दाढा आणि किडनी हे दोन संशय आधी घ्यावेत. तपासणीला नेण्याआधी निम्मी माहिती तुम्हाला घरीच मिळू शकते.

खाताना आणि पिताना

दातांचा त्रास असलेल्या सशाला भूक असते. वाटी वाजली की तो धावत येतो, गवताची काडी उचलतो, दोन-तीनदा चावतो आणि ओली झालेली काडी तशीच टाकून देतो. मऊ पाला संपतो, वाळलेलं गवत मात्र पडून राहतं. हनुवटी ओली दिसते. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतात, कारण लाळ तो तिथेच पुसतो. एका डोळ्यातून सतत पाणी येत असेल तरी संशय दातांवरच घ्या, कारण वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला अगदी लागून असतात. खालच्या जबड्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवून पाहा. तिथे उंचवटे लागले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

किडनीचा ससा मुळात खाण्याकडे ओढलाच जात नाही. आवडीचा पाला पुढे केला तरी हुंगून बाजूला होतो. पाणी मात्र वाढतं. निरोगी ससा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिली पाणी पितो, त्यामुळे भांड्यात मोजून पाणी घाला आणि उरलेलं मोजा. दोन ससे एकत्र असतील तर हे मोजमाप वेगवेगळं ठेवूनच करावं लागेल. सशाची लघवी कॅल्शियममुळे एरवी गढूळ असते, ती सतत पाण्यासारखी नितळ आणि भरपूर होत असेल तर माझा कल किडनीकडे जातो. मान वाकडी होणं किंवा मागचे पाय लटपटणं सोबत असेल तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या परजीवीचा विचार हवा. तो मेंदूसारखाच किडनीतही घर करतो.

लेंड्या लहान आणि कमी होणं दोन्हींत दिसतं, त्यावरून निवाडा होत नाही.

तपासण्या: क्रम महत्त्वाचा

पुढचे दात सरळ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. सशाचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात आणि खरी गडबड बहुधा मागे, दाढांमध्ये असते. खालच्या दाढांची अणकुचीदार टोकं जिभेत घुसतात, वरच्यांची गालात. जागेपणी ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दिव्याच्या नळीने) थोडाफार अंदाज येतो, पण नीट तपासणीला गुंगी किंवा भूल लागते, आणि मुळांसाठी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. किडनीसाठी रक्त, लघवी आणि सोनोग्राफी. यातलं बहुतेक काम जागेपणी होतं.

म्हणून लक्षणं सरळसरळ दातांची असली तरी भूल देण्याआधी रक्त आणि लघवी तपासून घ्या, असं माझं ठाम मत आहे. भुलेचा ताण किडनीवर पडतो. दाढांवर काम झाल्यावर वेदनेसाठी बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, आणि किडनी दुबळी असेल तर ते जपूनच द्यावं लागतं.

इथे एक फसगत होते. दात दुखून ससा खाईनासा, पिईनासा झाला की शरीर सुकतं आणि किडनी ठणठणीत असूनही रक्तातलं युरिया (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) वाढलेलं येतं. निकाल लघवीने लागतो: चांगली किडनी अशा वेळी लघवी घट्ट करते, थकलेल्या किडनीला ते जमत नाही. त्यामुळे लघवीचा नमुना सलाइन सुरू होण्याआधीचा हवा. उलट बाजूही ध्यानात ठेवा. रक्तातला असाच दुसरा टाकाऊ घटक, क्रिएटिनिन, वाढेपर्यंत किडनीचं अर्ध्याहून अधिक काम गेलेलं असतं, त्यामुळे तो आकडा ठीक आला म्हणून किडनीवरचा संशय लगेच काढून टाकू नका.

भुलेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. त्याला उलटी होत नाही, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. बारा तास काहीच खाल्लं नसेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

पुढे काय वाढून ठेवलंय

दाढा घासून घेतल्या की पुष्कळ ससे लवकरच गवताकडे वळतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते काम पुन्हा करावं लागेल, याची तयारी ठेवा. घरी कटरने दात कापू नका, दात उभा चिरतो. मुळाशी गळू असेल तर उपचार लांबतात. जुनाट किडनीविकार मात्र बरा होत नाही. कातडीखाली सलाइन, सिरिंजने भरवणं, परजीवी असेल तर फेनबेंडाझोलचा २८ दिवसांचा कोर्स, आणि सशाला आराम वाटतोय ना याकडे लक्ष, एवढं आपल्या हातात असतं.

कधीकधी दोन्ही दुखणी एकत्र निघतात. किडनीमुळे भूक मेली की गवत कमी खाल्लं जातं, दाढा झिजत नाहीत आणि टोकं वाढतात. म्हणून दाढांत टोक सापडलं तरी शोध तिथेच थांबवू नका. घासल्यावर दोन आठवड्यांत वजन वर सरकलं नाही, तर रक्त-लघवी पुन्हा करून घ्या आणि सोनोग्राफी राहिली असेल तर तीही.