घाटावरची माणसं रंगवायची तर वाट कुणाची: धुरंधरांची की अमृता शेरगिलची?

नाशिकची निसर्गचित्रं बघा. नारोशंकराचं मंदिर, गोदेतलं प्रतिबिंब, सकाळचं ऊन, सगळं मन लावून केलेलं. पायऱ्यांवरची माणसं मात्र ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत उरकलेली. ती माणसंच रंगवायची असं तुम्ही ठरवलं असेल, तर पुढे दोन वाटा फुटतात. कोणती धरावी असं मला नवी मुलं विचारतात, म्हणून हे लिहितो.

पहिली वाट चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांची (१८६७–१९४४). मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तिथेच आयुष्यभर शिकवलं. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं, कोळिणी, पारशी स्त्रिया, लग्नाची वऱ्हाडं त्यांनी अशी रेखाटली की नुसत्या पदरावरून आणि कासोट्यावरून बाई कुठली ते कळतं. ही वाट रोजच्या रेखाटनाची. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी मेथी विकणारी बाई बघा: गोणपाटावर एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला. तागडी उचलताना उजवा खांदा वर जातो, मान डावीकडे कलते आणि त्याच वेळी डावा हात जुडी वर टाकत असतो. हे सगळं क्षणात होऊन जातं. पेन्सिलीनं पकडायला पन्नास पानं खराब होतील, पण एकदा सापडलं की हात ते विसरत नाही. मोबाइलच्या फोटोत तागडी दिसते, तिचा भार दिसत नाही.

या वाटेवर एक धोका आहे. वेशभूषेचा तपशील फार आवडायला लागला की समोरची बाई हरवते आणि ‘भाजीवाली’ तेवढी उरते. धुरंधरांच्याही काही चित्रांत मला हे जाणवतं.

दुसरी वाट चित्रकार अमृता शेरगिलची (१९१३–१९४१), ती उलटी. अजिंठा पाहून, दक्षिण हिंदुस्थान फिरून शिमल्याला परतल्यावर १९३७ मध्ये तिने जी चित्रं केली, त्यात तपशील गाळलेला आहे. ‘ब्रह्मचारी’मध्ये पाच जण बसलेत. उघडी अंगं, पांढरी धोतरं, मोठे सपाट आकार. कुणी काही करत नाही, तरी नजर हलत नाही. बाजाराला निघालेल्या खेडुतांच्या चित्रात तर बाजारच नाही, फक्त माणसं आहेत.

रामकुंडावर दशक्रियेला बसलेलं कुटुंब रंगवायचं असेल तर मला हीच वाट योग्य वाटते. नुकतीच मुंडण केलेली डोकी, ओल्या धोतरात जवळजवळ बसलेले भाऊ, मध्ये पिंड. अशा वेळी समोर वही उघडून बसू नये. ते दुःख त्यांचं असतं. लांबून बघावं, घरी यावं आणि मनात जे आकार राहिले असतील तेवढेच कॅनव्हासवर घ्यावेत. जे विसरलं ते बहुधा चित्राला नकोच होतं.

खर्चाचं म्हणाल तर वही-पेन्सिल आणि तैलरंग यांची तुलनाच नको. वेळेचंही तसंच. नोकरी सांभाळून रोज वीस मिनिटं रेखाटन होतं. मोठ्या कॅनव्हासला सलग दिवस लागतात.

माझं मत विचाराल तर नवख्याने धुरंधरांपासूनच सुरुवात करावी. शेरगिलचा साधेपणा मोहात पाडतो, पण त्यामागे पॅरिसच्या कलाशाळेत मॉडेल समोर ठेवून काढलेली वर्षं आहेत. १९३२ चं तिचं ‘यंग गर्ल्स’ बघा, शरीराचं वजन, कापडाची घडी, सगळं येत होतं तिला. जे येत होतं तेच तिने पुढे सोडलं. आपल्याला खांदा कुठे बसतो हेच ठाऊक नसेल आणि आपण आकार सपाट करायला गेलो, तर घाटावर बाहुल्या बसतात.

ज्यांचा हात बसलाय त्यांनी मात्र बाजारातल्या स्केचवरून थेट चित्र करू नये. वही महिनाभर बंद ठेवावी, मग मेथीवालीला आठवून रंगवावं. माझ्या वेळी तागडी गेली, जुड्या गेल्या, गोणपाटही गेलं. तो उभा गुडघा आणि त्यावर टेकलेलं कोपर राहिलं.