जेटपॅक कंपोझ: वर्षभर वापरल्यावर, आणि 'दूध'चं 'दध' झाल्यावर

दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ: "मॅडम, हे दध काय आहे?" ॲपमधल्या 'दूध दर' बटणातला दीर्घ उकार खालून सफाचट. शेजारचं 'फॅट' मात्र ठणठणीत, कारण त्याला खाली काही लोंबत नाही.

हे ॲप जेटपॅक कंपोझमध्ये आहे, म्हणजे अँड्रॉइडचे स्क्रीन कोटलिन भाषेतच लिहायच्या गुगलच्या साधनात. जुन्या पद्धतीकडे, म्हणजे स्क्रीनची मांडणी वेगळ्या एक्सएमएल फायलींत लिहिण्याकडे, परत जायची माझी अजिबात इच्छा नाही, हे आधीच सांगते. दरांचा तक्ता पूर्वी ॲडॅप्टर, व्ह्यूहोल्डर आणि लेआउटच्या फायलींत विखुरलेला असायचा. आता लेझीकॉलम (कंपोझमधली सरकणारी यादी) आणि एक फंक्शन, संपलं. फॅटचा आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेला भाग आपोआप नव्याने उमटतो. याचं सुख रोज मिळतं.

पण उकार! जुन्या पद्धतीत मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टव्ह्यूत 'इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग' मुळातच चालू असायचं. पहिल्या ओळीच्या वर आणि शेवटच्या ओळीखाली थोडी जादा जागा सुटायची. डिझायनर मंडळींचा त्या जागेवर कायमचा राग, कारण त्यांच्या डिझाइनच्या ॲपमधल्या, फिग्मातल्या, मापाशी ती जुळत नाही. कंपोझ १.६ मध्ये, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला, ती डिफॉल्टनेच बंद झाली. इंग्रजी अक्षरं अगदी मधोमध बसली. आमच्या बटणांची उंची मात्र पक्की बांधलेली, कडा गोल कापलेल्या आणि ओळीची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली. लायब्ररी अपडेट केली आणि उकार गेले. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. मराठी वाचणारा माणूस तक्रार करेपर्यंत कुणाला पत्ताच नाही.

ती जागा परत चालू करता येते, पण ही सोय फक्त जुनी ॲप्स हलवण्यापुरती आहे आणि पुढे काढली जाईल, असं डॉक्युमेंटेशनच सांगतं. म्हणून ओळीची उंची वाढवली, ओळीच्या वरची-खालची जादा जागा कापणारं ट्रिम बंद केलं आणि पक्क्या उंचीऐवजी किमान उंची दिली. शेवटचा बदल सगळ्यात महत्त्वाचा. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि चष्मा घरी विसरून आलेले शेतकरी ती करतातच. आता प्रत्येक प्रिव्ह्यूला, म्हणजे कोड लिहितानाच दिसणाऱ्या स्क्रीनच्या नमुन्याला, लोकॅल (भाषा) मराठी आणि फॉन्ट स्केल (अक्षरांचा आकार) १.५ लावल्याशिवाय मी स्क्रीन पुढे जाऊ देत नाही. डिझायनरला 'सबमिट' नको, 'र्‍हस्व', 'कूपन', 'वर्षे' असे शब्द घालून दाखव म्हणून सांगितलंय. तो वैतागलाय. वैतागू दे.

मे २०२४ च्या आधी हा अनुभव लिहिला असता तर निम्मा मजकूर शिव्यांचा झाला असता. कोटलिन आणि कंपोझचा कोड तयार करणारा कंपोझ कंपायलर यांच्या आवृत्त्या तक्ता बघून जुळवायच्या. एक आकडा हलला की बिल्ड बसली. कोटलिन २.० पासून कंपायलर कोटलिनसोबतच येतो, ती कटकट मिटली. २.०.२० मध्ये न बदललेले भाग वगळणारं 'स्ट्राँग स्किपिंग'ही डिफॉल्ट झालं, त्यामुळे याद्या विनाकारण नव्याने उमटणं बरंच घटलं. तरी यादी अडखळते म्हणून ओरडण्याआधी रिलीज बिल्ड (गिऱ्हाइकाला द्यायची आवृत्ती) टाकून बघा. चाचणीच्या डीबग बिल्डमध्ये कंपोझ खरोखर रडतं, ती एपीके (ॲपची फाइल) गिऱ्हाइकाला पाठवू नका.

राहिला खर्च. ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ फुकट, पण माझ्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी, तीही बोर्डावर चिकटवलेली. सर्व्हिस सेंटरवाला हसून म्हणाला, "वाढत नाही, नवाच घ्या." घेणार नाही. एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) काढून टाकला, जुना फोन यूएसबीला लावलाय, प्रिव्ह्यू फक्त मराठी तपासायला उघडते. ॲपची बिल्ड करणारं ग्रेडल चालू झालं की ब्राउझर बंद. ऑफिसने नवा दिला तर गोष्ट वेगळी. पदरमोड करून मुळीच नाही.