कीर्तनांचे तुकडे जोडताना: एफएफएमपेग आणि ऑडॅसिटी, काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातील जुन्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे सलग ऐकता यावीत, म्हणून गेले काही महिने मी एफएफएमपेग आणि ऑडॅसिटी हे ध्वनिफाइली जोडण्याचे, बदलण्याचे दोन मोफत प्रोग्राम घरच्या साध्या संगणकावर वापरत आहे. सामग्री तीन तऱ्हेची होती. वडिलांनी भरून ठेवलेल्या साठ व नव्वद मिनिटांच्या कॅसेट, ज्या एका बाजूची एक फाइल या हिशेबाने वेव्ह स्वरूपात आधीच उतरवून घेतल्या होत्या. त्यानंतरच्या काळात छोट्या रेकॉर्डरवर घेतलेल्या एमपी३ फाइली, ज्यांचा ठरावीक आकार झाला की रेकॉर्डर आपोआप पुढची फाइल सुरू करतो. आणि अलीकडे नातेवाइकांनी फोनवर टिपलेल्या एम४ए फाइली. एका कीर्तनाची एक फाइल व्हावी, ती फोनवर, गाडीत आणि देवळातल्या पेनड्राइव्ह लावण्याच्या स्पीकरवरही वाजावी, एवढीच अपेक्षा होती.

या कामात सर्वांत आधी ठरवावे लागते ते हे की आपल्याला फाइली जोडायच्या आहेत की त्यांचे रूपांतर करायचे आहे. बहुतेक प्रोग्राम ही दोन्ही कामे एकाच बटणाखाली ठेवतात आणि वापरणाऱ्याला न सांगता जोडता जोडता रूपांतरही करून टाकतात. एमपी३ किंवा एएसी (एम४ए फाइलीत सहसा हेच असते) ही स्वरूपे कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान करतात. अशी फाइल उलगडून पुन्हा एमपी३ केली की आधीच गाळलेल्यातून आणखी गाळले जाते, आणि गेलेले परत येत नाही. १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला १२८ किलोबिट माहिती वापरणाऱ्या) फाइलीचे ३२० केबीपीएसमध्ये रूपांतर केल्याने फक्त जागा अडीच पट लागते, आवाजात काहीही भर पडत नाही. म्हणून जिथे निव्वळ जोडणी पुरेशी आहे तिथे रूपांतर होऊ न देणारा प्रोग्राम मला हवा होता.

एफएफएमपेग इथे उपयोगी पडतो. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते, आणि अनेक जण तिथूनच परत फिरतात. पद्धत मात्र सोपी आहे. एका साध्या मजकूर फाइलीत जोडावयाच्या फाइलींची नावे क्रमाने, एका ओळीत एक अशी लिहायची, प्रोग्रामला ती यादी दाखवायची आणि आतील ध्वनी जसाच्या तसा उतरवण्याचा पर्याय द्यायचा. ध्वनी उलगडला जात नसल्यामुळे दोन तासांचे कीर्तन काही सेकंदांत तयार होते. फाइलींना आकडे देताना ०१, ०२ असे दोन अंकी द्यावेत, कारण यादी आज्ञेनेच बनवून घेतली तर १ च्या पाठोपाठ १० येतो आणि २ त्यानंतर. कीर्तनात आख्यानाचा शेवट आधी आणि सुरुवात मागून अशी अवस्था होते. नावे देवनागरीत असतील तर यादी यूटीएफ-८ मध्ये जतन करावी.

रूपांतराशिवाय जोडणी होण्यासाठी सर्व तुकड्यांचे स्वरूप, नमुनादर (दर सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले तो आकडा) आणि वाहिन्यांची संख्या (मोनोत एक, स्टिरिओत दोन) एकच असावी लागते. फोनच्या फाइलींत हीच अडचण येते, कारण एक फोन ४४,१०० नमुन्यांनी मुद्रण करतो तर दुसरा ४८,००० नमुन्यांनी. एम४ए फाइलीत हा दर एकदाच नोंदलेला असतो. त्यामुळे ४८,०००च्या तुकड्यामागे ४४,१००चा तुकडा तसाच जोडला तर दुसरा भाग सुमारे नऊ टक्के जलद धावतो. पांढरी एकमध्ये गाणारे बुवा अचानक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी गाऊ लागतात, आणि पेटीवर तर ती पट्टीच नाही! जोडण्यापूर्वी प्रत्येक फाइलीची माहिती तपासून घेणे हाच यावरचा उपाय. एफएफएमपेगसोबत येणारा एफएफप्रोब हे काम करतो, आणि दर वेगळे निघाले तर त्या कीर्तनापुरते रूपांतर मुकाट्याने स्वीकारावे.

एमपी३च्या सांध्यांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. या स्वरूपात ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो. ४४,१००च्या दराने एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रत्येक फाइलीच्या आरंभी आणि शेवटी भरणा म्हणून थोडी शांतता येते, आणि दोन फाइली तशाच चिकटवल्या की ती शांतता सांध्यात अडकते. निरूपण चालू असेल तर ती कोणाच्याही लक्षात येत नाही. पण पेटीचा स्वर धरलेला असेल किंवा नामगजर चालू असेल तर तिथे स्पष्ट उचकी ऐकू येते. रेकॉर्डरने एकाच सलग प्रवाहाचे तुकडे केले असतील तर हा दोष राहत नाही, आणि माझ्या बहुतेक एमपी३ फाइली तशाच होत्या, त्यामुळे त्यांची जोडणी निर्दोष झाली.

एफएफएमपेगकडे वळण्यापूर्वी एक मोफत जोडणी-प्रोग्राम वापरून पाहिला होता. तो फाइली केवळ एकीमागे एक ठेवत असे. त्यामुळे पहिल्या फाइलीच्या आरंभीची एकूण कालावधीची नोंद तशीच राही, आणि दोन तासांची फाइल गाडीतल्या यंत्रावर पहिल्या तुकड्याएवढीच दिसे. पुढे सरकवण्याची सोयही तेवढ्यापुरतीच चाले. एफएफएमपेग ही नोंद नव्याने लिहितो.

कॅसेटवरून उतरवलेल्या वेव्ह फाइलींसाठी ऑडॅसिटीला पर्याय नाही असे माझे मत झाले आहे, कारण तिथे सांधा कुठे द्यायचा हे कानाने आणि डोळ्यांनी ठरवावे लागते. नारदीय कीर्तनाच्या बाबतीत भरणाऱ्याने विचार केला असेल तर काम सोपे जाते: पूर्वरंग एका बाजूला, मध्यंतरात बुवांना हार-बुक्का होईतो कॅसेट उलटायची, उत्तररंग दुसऱ्या बाजूला. वडील बहुधा हे सांभाळत असत. वारकरी कीर्तनात असा थांबा नसल्याने कॅसेट चालू चरणातच संपते, आणि उलटेपर्यंत गेलेले शब्द कोणताही प्रोग्राम आणून देऊ शकत नाही. अशा ठिकाणी टाळाच्या आघातावर सांधा घेऊन दोन्ही बाजू अर्ध्या-पाऊण सेकंदाने एकमेकींत विरघळवल्या की कानाला धक्का बसत नाही.

फितीची खरखर कमी करण्याची सोयही ऑडॅसिटीत आहे. कोणी बोलत नसलेला तुकडा नमुना म्हणून दाखवायचा आणि मग तो गोंगाट संपूर्ण फाइलीतून वजा करायला सांगायचे. प्रमाण हलके ठेवावे. जोर लावला की झांजेचा नाद नळातून आल्यासारखा पोकळ होतो, आणि त्यापेक्षा खरखर परवडते. दोन बाजूंचा आवाज कमीजास्त असणे ही कॅसेटची जुनी खोड. ती ऑडॅसिटीतही निघते आणि एफएफएमपेगच्या लाउडनॉर्म गाळणीनेही. तयार एमपी३ फाइलींसाठी मात्र एमपी३गेन हा प्रोग्राम वापरावा, कारण तो ध्वनी न उलगडता फक्त पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो.

ऑडॅसिटीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो आत ध्वनीच्या प्रत्येक नमुन्यासाठी ३२ बिट वापरतो, म्हणून दोन तासांच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनीला अडीच जीबी जागा लागते, आणि प्रत्येक बदलागणिक ती वाढत जाते. जुन्या हार्ड डिस्कवर जतन होण्याची वाट पाहावी लागते. कॅसेटचे मुद्रण एकाच मायक्रोफोनवरचे असेल तर सुरुवातीलाच एक वाहिनी करून घ्यावी, भार निम्म्यावर येतो. विंडोजवर एम४ए फाइली उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेगचेच घटक जोडून द्यावे लागतात. आणि त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक एमपी३ नव्याने घडवलेली असते, त्यामुळे आधीच एमपी३ असलेल्या गोष्टी निव्वळ जोडण्यासाठी त्याच्याकडे जाऊ नये.

रूपांतराचे माझे हिशेब आता स्थिर झाले आहेत. मूळ प्रत फ्लॅक या स्वरूपात, कारण त्यात काहीही गाळले जात नाही. शांत मुद्रणात फ्लॅक वेव्हच्या निम्म्यापर्यंत येतो, पण खरखर असलेल्या फितीत बचत कमी होते; खरखरही त्याला इमानेइतबारे जपावी लागते. ऐकण्याची प्रत एमपी३मध्ये: केवळ निरूपण असेल तर एका वाहिनीचे ६४ केबीपीएस पुरतात आणि दोन तास ५८ एमबीच्या आत बसतात, पण टाळ-मृदंग असेल तर १२८च्या खाली जाऊ नये. ओपस हे २०१२ साली प्रमाणित झालेले स्वरूप ३२ केबीपीएसमध्येही बोलणे आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ ठेवते, परंतु गाडीतली आणि देवळातली यंत्रे ते ओळखत नाहीत, म्हणून ते फक्त फोनसाठी. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना फाइल कागदपत्र म्हणून जोडावी, म्हणजे ती आहे तशीच पोहोचते.

नावांच्या नोंदींविषयी एक बारीक गोष्ट. एफएफएमपेग एमपी३वर आयडी३च्या (फाइलीतच नाव, गायक वगैरे लिहून ठेवण्याच्या पद्धतीच्या) २.४ आवृत्तीतील नोंद करतो, आणि जुन्या यंत्रांवर बुवांचे व आख्यानाचे देवनागरी नाव त्यामुळे चौकोनांत किंवा प्रश्नचिन्हांत दिसू शकते. आज्ञेत २.३ आवृत्ती मागितल्यावर विंडोजमध्ये आणि बहुतेक फोनवर नाव नीट उमटते. देवळातला स्पीकर केवळ रोमन अक्षरे दाखवतो, त्यामुळे त्या पेनड्राइव्हवर फाइलींना नावांऐवजी आकडे दिले आहेत आणि सोबत छापील यादी ठेवली आहे.