हिरो बेतायचा कसा: दरपत्रकाने की जोड लावून?

घरच्या टेबलावर स्वतःचे सुपरहिरो उतरवून एकमेकांशी लढवायचा खेळ मांडायचा म्हटलं की प्लास्टिकच्या बाहुल्या, रंग, बैठकीला बाटल्यांची झाकणं, इमारतींना केळीच्या खोक्यांचा पुठ्ठा, हे सगळं दोन दिवसांत जमतं. गाडी अडते ती कोण किती ताकदीचा, म्हणजे कोणाची किंमत किती पॉइंट लावायची इथे. त्याचे दोन रस्ते मला माहीत आहेत आणि मी दोन्हींनी जाऊन आलोय.

पहिला दरपत्रकाचा. हालचालीच्या एका इंचाला इतके पॉइंट, उडण्याला इतके, लांबच्या माऱ्याला इतके. बेरीज ५० झाली की हिरो तयार. दुसऱ्याला आम्ही 'जोड लावणं' म्हणतो. गावच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते तेव्हा पंच पैलवानांना काट्यावर चढवत नाहीत, शेजारी उभं करून अंग बघतात आणि जोड लावतात. तसा एक साधा हिरो कायमचा ठरवून ठेवायचा आणि प्रत्येक नव्याला त्याच्याशी भिडवून किंमत काढायची.

दरपत्रक झटपट होतं, हे मान्य. मागच्या मे महिन्यात भुसावळला आमच्या गच्चीखालच्या खोलीत पंखा गरम हवा फेकत होता, आणि त्या एका दुपारी पोरांनी बारा हिरो बेतले. त्यातला 'हतनूर' मला अजून आवडतो. तो जागचा हलत नाही, बसलेला मार साठवत राहतो आणि आमच्याजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यासारखा एकदम सोडतो. जोड लावत बसलो असतो तर या बारा जणांना गणपती उजाडले असते.

पण फासे दरपत्रक वाचत नाहीत. आमचा नियम 'हिरोक्लिक्स' या सुपरहिरोंच्या बाहुल्यांच्या खेळासारखा आहे: दोन फासे टाकायचे, त्यात हल्ल्याचा आकडा मिळवायचा, बेरीज समोरच्याच्या बचावाइतकी किंवा जास्त आली तर घाव लागला. हल्ला १० आणि बचाव १७ असेल तर फाशांवर ७ हवेत, म्हणजे ३६ पैकी २१ वेळा लागणार. बचाव १८ केला की १५ वेळा. आता हाच एक पॉइंट २० वरून २१ ला चढवा. ६ वेळा लागणारा घाव ३ वेळांवर येतो, म्हणजे हिरोचं आयुष्य दुप्पट. दरपत्रकात दोन्हीकडे भाव तोच, ५. चढता भाव लावून ही गळती बुजवता येते, आम्ही बुजवलीही.

बुजली नाही ती दुसरी गोष्ट. अमळनेरचा माझा आतेभाऊ 'गिधाड' घेऊन आला. उडणं, दहा इंचांचा मारा आणि वर एक कमजोरी: पाण्यात उतरला की ताकद निम्मी. कमजोरीचे पॉइंट परत मिळतात, ही युक्ती १९८१च्या 'चॅम्पियन्स' या सुपरहिरोंच्या भूमिका-खेळापासूनची, आम्हीही ती उचललेली. आता मे महिन्यात आमच्या नळाला पाणी नसतं, ते टेबलावर कुठून येणार? त्या फुकटच्या दहा पॉइंटांत त्याने बचाव वाढवला. मग खोक्यांच्या मनोऱ्यावर कोपऱ्यात बसला आणि माझ्या तीन जमिनीवरच्या गड्यांना दीड तास टिपत राहिला. मी शिंप्याची टेप लावून लावून थकलो, अंतर काही तुटेना. उडण्याची किंमत बरोबर होती, माऱ्याचीही बरोबर होती, पण दोन्ही एकाच अंगात आले की त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

हेही चाललं असतं. मी काही म्हणायला तोंड उघडलं की तो शेव-मुरमुऱ्यांचा बकाणा भरून एकच वाक्य म्हणायचा: "हिशोबमा बसस ना, भो!" आणि खरंच बसत होतं. दरपत्रक माझंच, अक्षर माझंच, काय बोलणार? खेळ रडका झालाय हे टेबलाभोवती सगळ्यांना दिसत होतं, पण कागद त्याच्या बाजूने होता. माझं मन तिथे उडालं.

मग आम्ही 'साधाभाऊ' बनवला. हल्ला १०, बचाव १७, ना उडणं ना जादू, किंमत ५० आणि ती कधी बदलायची नाही. नवा हिरो त्याच्याशी सहा डाव खेळतो, तीन मोकळ्या टेबलावर आणि तीन खोक्यांच्या गर्दीत. चारपेक्षा जास्त जिंकला की भाव दहाने वर, दोनपेक्षा कमी जिंकला की दहाने खाली, आणि पुन्हा सहा. सहा डावांनी काही सिद्ध होत नाही, फासे एखाद्या दिवशी रुसतातच. पण वाद झाला तर कागद पुढे येत नाही, "चल, खेळून बघू" एवढंच होतं.

यातही खोट आहे. दुसऱ्याच्या जखमा भरणारा हिरो एकटा भिडवला तर दर वेळी हरणार आणि कवडीमोल ठरणार, टोळीत मात्र तोच सगळ्यांना तारतो. अशांना आम्ही साधाभाऊच्या जोडीला देतो आणि समोर दोन साधेभाऊ उभे करतो. वेळ दुप्पट जातो. तुम्ही एकटेच बेतणार असाल, किंवा सुट्टी संपायच्या आत वीस हिरो हवे असतील, तर दरपत्रक घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त आकडे मोठे ठेवू नका. २०१९च्या 'क्रायसिस प्रोटोकॉल' या मार्व्हलच्या हिरोंच्या टेबलावरच्या खेळात बहुतेक पात्रं दोन ते सहाच्या भावात बसतात. तीन की चार एवढाच प्रश्न उरला की पॉइंट-पॉइंट चोरायला जागा राहत नाही.

घरात चार-पाच खेळणारे आणि त्यात एखादा माझ्या आतेभावासारखा असेल, तर मात्र मी जोडच लावीन. गिधाड सध्या ८० ला आहे. आतेभाऊ म्हणतो, ७० ला दे. मी साधाभाऊ टेबलावर ठेवतो.