कॅमेरो झेड/२८ की मस्टँग बॉस ३०२? १९६९ ची गाडी घेण्याआधी

अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन पाच लिटरच्या आतलं लागायचं, आणि तशी गाडी शोरूममध्येही विकावी लागायची. त्यातूनच शेव्हर्लेची कॅमेरो झेड/२८ आणि फोर्डची मस्टँग बॉस ३०२ आल्या. दोघींचं इंजिन ३०२ घन इंचांचं, बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच. कंपनीने सांगितलेली ताकदही तंतोतंत तीच: २९० हॉर्सपॉवर.

म्हणजे आकड्यांवरून निवड व्हायची नाही. पाव मैलाला दोघी साधारण पंधरा सेकंद घेतात. सिग्नल सुटताच धूर काढत पळायची हौस असेल तर सरळ शेव्हर्लेचीच मोठ्या इंजिनाची शेव्हेल बघा. या दोघी चार हजार आरपीएमच्या वर जाग्या होतात. त्यातही बॉसच्या हेडचे (इंजिनाच्या वरच्या भागाचे) पोर्ट, म्हणजे हवा जायच्या वाटा, आणि व्हॉल्व्ह इतके मोठे, की खालच्या आरपीएमला ती जरा सुस्तच वाटते. वळणावर मात्र बॉस फार छान बसते. ऑटोमॅटिक गिअर दोघींतही नाही, आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ठरावीक काळाने फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून सेट करावेच लागतात. ते न जमणाऱ्याने दुसरा छंद शोधावा.

देखभालीत झेड/२८ स्वस्त पडते, कारण शेव्हर्लेच्या छोट्या व्ही-८ चे सुटे भाग सहज मिळतात. बॉसचे खास भाग महाग. तिच्या मूळ पिस्टनचे स्कर्ट (खालच्या कडा) तडकतात ही जुनी तक्रार आहे, म्हणून इंजिन कधी उघडलं, कोणते पिस्टन टाकले, त्याची बिलं आधी मागा.

आता पैशाचं. १९६९ मध्ये बॉस ३०२ बनल्या फक्त १,६२८, झेड/२८ सुमारे वीस हजार. भाव मात्र त्या प्रमाणात चढलेला नाही. १९६८ आणि १९६९ ची ट्रान्स-ॲम अजिंक्यपदं कॅमेरोने मिळवली, शर्यतपटू मार्क डॉनह्यूच्या हातून, आणि ते नाव अजून विकलं जातं. मस्टँगची पाळी १९७० मध्ये आली.

पण खरा फरक कागदांत आहे. मस्टँगच्या व्हिनमधलं, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर ‘जी’ असेल तर ती बॉस ३०२. शिवाय फोर्डच्या जुन्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट थोड्या पैशांत मिळतो. कॅमेरोचा व्हिन फक्त ‘व्ही-८ आहे’ एवढंच सांगतो. त्यामुळे साध्या कॅमेरोवर पट्टे ओढून झेड/२८ म्हणून खपवणारे पुष्कळ.

म्हणून टॉर्च आणि फडकं घेऊन जा. इंजिनाच्या उजव्या हेडच्या पुढे एक छोटी सपाट जागा असते, ती पुसा. ‘डीझेड’ हा कोड दिसला पाहिजे, आणि गाडीच्या व्हिनचे आकडेही तिथे किंवा ऑइल फिल्टरजवळ. कोडखाली कारखान्यातल्या कटाईच्या बारीक समांतर रेघाही हव्यात. जागा आरशासारखी गुळगुळीत असेल तर कुणीतरी घासून नवे आकडे ठोकलेत असं समजा, चहा प्या आणि निघा.

मी स्वतः बॉसच घेईन. पण दर रविवारी बाहेर काढायची असेल, आणि मूळ विक्रीची पावती असलेली झेड/२८ समोर आली, तर तिला नाही म्हणणं मलाही जड जाईल. पावती नसलेलीला साध्या कॅमेरोचाच भाव सांगा.